खोट काय, ते सांगा

जबलपुरात घड्याळ घालून हिंडणारा असा एकही माणूस नसेल, ज्याच्या मनगटाकडे माझ्या थोरल्या दिरांनी निदान एकदा तरी निरखून पाहिलेलं नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. ज्या दिवसांत हे निरखणं चाललं होतं, त्या दिवसांत माझ्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, तोंडावर आलं होतं आणि ते होणार की मोडणार हे या गृहस्थांच्या एका सवयीवर लटकून होतं.

सवय अशी की कोणतीही वस्तू घेताना दुकानदाराचं ऐकायचं नाही, जाहिरात पाहायची नाही, मोबाईलवर लोकांनी दिलेले तारे मोजायचे नाहीत. ती वस्तू जो वापरतो त्याला गाठायचं आणि समोर बसून विचारायचं. त्यातही चांगलं काय, हे विचारायचंच नाही. "चांगलं काय ते डब्यावर छापलेलं असते. खोट काय, ते सांगा," असं ते म्हणत. जो माणूस एखादी-दुसरी खोट सांगेल तो खरा वापरणारा. जो म्हणेल की काहीच खोट नाही, तो एकतर भिडेपोटी बोलतो, नाहीतर वस्तू कपाटात ठेवून बसला आहे. त्याचं मत धरायचं नाही. 'रिजेक्ट.' हा शब्द त्यांनी डिफेन्सच्या फॅक्टरीतून आणला. सारी नोकरी तपासणीत गेली. फौजेला जाणारा माल यांच्या टेबलावरून जायचा आणि यांना नापास करायला फार आवडायचं. रिटायर झाल्यावर टेबल गेलं, पण नापास करायची हौस घरी आली.

आम्ही रांझीत राहतो. कूलर घ्यायचा होता त्या उन्हाळ्यात हे पनागरला एका ओळखीच्याच्या ओळखीच्याकडे गेले, त्याच्या कूलरसमोर चटई टाकून दुपारभर झोपले आणि उठून त्याला सांगितलं की आवाज चालेल, पण गवताचा वास डोक्यात जातो. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांची पदवी पाहिली नाही. त्यांच्याकडे ऑपरेशन झालेल्या एका म्हाताऱ्याला बाजारात रस्त्याच्या पलीकडे उभं केलं आणि अलीकडून हातातला आलू दाखवून विचारलं, "बताओ भैया, क्या है?" म्हाताऱ्याने आलू म्हणून सांगितलं, पण तो कोंब फुटलेला आहे हेही सांगितलं. तेव्हा डॉक्टर पास झाले. माझ्या कुकरच्या वेळी तर त्यांनी शेजारच्या बाईंना इतकं खोदून विचारलं, शिट्टी केव्हा होते, डाळ कधी लागते, घरात कोणाला कडक चालते, की बाईंच्या मिस्टरांनी मला येऊन विचारलं, तुमचे भासरे, म्हणजे थोरले दीर, आमच्या स्वयंपाकाची चौकशी काहून करून राहिले?

माझे यजमान गेले तेव्हा केतकी शाळेत होती. भाऊजींनी लग्न केलेलं नव्हतं. वरच्या खोलीत एकटे राहायचे. तेव्हापासून ते खाली जेवायला येऊ लागले आणि तिच्या शाळेच्या, क्लासच्या, तापाच्या, सायकलच्या सगळ्या भानगडीत पडू लागले. ती त्यांना मोठे बाबा म्हणते. मी भाऊजी म्हणते. वाद झाला की काहीच म्हणत नाही.

या साक्षगंधाच्या दोन वर्षं आधी केतकीला नागपूरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनीअर, घर चांगलं, केतकीलाही तो बरा वाटला होता. भाऊजींनी नागपूरला जाऊन दूधवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना मुलाबद्दल विचारलं, इथवर मी सहन केलं. चौकशी सगळेच करतात. पण ती मंडळी आमच्याकडे आली, पोहे झाले, मुलाच्या आईने मुलाचे गुण सांगून झाले, तेव्हा भाऊजी पुढे सरकून म्हणाले, "हे झालं चांगलं. आता खोट सांगा." बाई म्हणाल्या, आमच्या मुलात काही खोट नाही. भाऊजी माझ्याकडे वळले आणि आपल्या मते कानात, पण मशीनच्या आवाजात उभं आयुष्य काढलेल्या माणसाच्या कानातल्या आवाजात, म्हणाले, "रिजेक्ट." ती मंडळी चहा न घेता उठली. केतकीने भरलेले कप परत आत नेले, एकेक करून मोरीत ओतले आणि त्यानंतर बरेच दिवस घरात कामापुरतंच बोलली.

म्हणून या वेळी तिने आधीच सांगून ठेवलं होतं. मुलगा तिने स्वतः पाहिला होता. निखिल, रेल्वेत सिग्नलच्या कामावर, घर विजय नगरला, आई आणि तो दोघंच. मंडळी मराठीच, पण निखिलची मराठी अशी की समजतं सगळं आणि बोलायला लागला की तिसऱ्या शब्दाला हिंदीत उतरतो. दोन्ही घरांची एक बैठक झाली, तारीख ठरली. त्या संध्याकाळी केतकीने आम्हा दोघांना समोर बसवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मोठे बाबा, निखिलबद्दल कोणाला काही विचारायचं नाही. त्याच्या गल्लीत नाही, ऑफिसात नाही, त्याच्या आईला तर नाहीच नाही. तुम्ही विचारलं आणि मला कळलं, तर साक्षगंध होणार नाही. आम्ही दोघं कोर्टात जाऊन सही करू आणि तुम्हाला नंतर कळवू."

भाऊजींनी शब्द दिला. निखिलबद्दल कोणाला काही विचारणार नाही. मग म्हणाले, "पण साक्षगंधात मुलाला घड्याळ द्यावं लागते. ते तरी मी पाहू ना?"

ते पाहा, असं केतकी म्हणाली. सुटल्यासारखी म्हणाली. मीही सुटल्यासारखा श्वास सोडला. या माणसाला आम्ही इतकी वर्षं ओळखत होतो, तरीही.

घड्याळाच्या दुकानांत हिंडून त्यांनी दोन घड्याळं नक्की केली. दोन्ही फौजी धर्तीची. एक हिरवं, काळी तबकडी, हिरवा कापडी पट्टा आणि रोज सकाळी चावी द्यायची. दुसरं स्टीलचं, जाडजूड, त्याला चावी नको, सेल नको. हात हलला की आपोआप भरतं आणि हात स्वस्थ राहिला की दिवसा-दीड दिवसाने थांबतं. दोन्हींच्या आतल्या कड्यावर बाराच्या पुढचे आकडे छापलेले, म्हणजे ते फौजेतलं वाटावं. ज्यांनी खरा फौजी माल आयुष्यभर हाताळला त्यांना या दिखाव्याचा राग यायला हवा होता. ते फक्त म्हणाले, "फौजेचा माल दिसायला कधी बरा नसते. हे दोन्ही फार बरे दिसून राहिले. म्हणजे विचारावं लागेल."

आणि विचारणं सुरू झालं. सकाळी नाश्ता झाला की जुनी स्कूटर काढायचे, मोबाईल मुद्दाम घरी ठेवायचे, कारण तपासणीच्या वेळी घंटी वाजलेली त्यांना खपत नाही. चौकात सिग्नलला उभे राहिलेल्यांची मनगटं पाहत पाहत जायचे. हिरवं किंवा स्टीलचं दिसलं की स्कूटर त्याच्या मागे. एकदा तर एका पोरसवद्या पोलिसाच्या मागे थेट चौकीत गेले. त्याला वाटलं तक्रार नोंदवायची आहे, त्याने खुर्ची दिली. यांनी बसून विचारलं, "घड़ी में खोट क्या है?"

रात्रीच्या जेवणाला मला आणि केतकीला अहवाल ऐकावा लागे. हिरव्याबद्दल एका शाळेच्या पीटी मास्तरांचं मत असं पडलं की चावी देऊन देऊन अंगठ्याला घट्टा पडतो आणि पट्टा घामाने असा वास मारतो की बायकोने तो न्हाणीघराबाहेर वाळत घालायचा नियम केला आहे. पण घड्याळ कधी धोका देत नाही. मास्तर पास. एका बँकेच्या गार्डने हिरव्याला एकदम फर्स्ट क्लास म्हटलं. रिजेक्ट. बडा फुहाऱ्याच्या बाजारात, कापडाच्या दुकानात एक जावई भेटला. त्याला स्टीलचं घड्याळ सासऱ्याने दिलेलं होतं. त्याचीही तारीफ थांबेना, आणि सासरा तर मागच्याच गादीवर बसलेला. भाऊजींनी त्यालाही रिजेक्ट केलं, पण त्या रात्री ते जेवता जेवता मध्येच थांबले. सासरच्यांनी दिलेल्या वस्तूबद्दल माणूस खरं बोलतच नाही, म्हणाले. मग आपण देऊ त्याबद्दल तरी तो आपल्याला खरं कसं सांगेल? केतकीने ताटावरून मान वर केली नाही, पण तिचा हात थांबलेला मी पाहिला.

खरा घोळ स्टीलच्या घड्याळाने घातला. पनागरचा एक मटारवाला, सीझनला पहाटेपासून पोती टेम्पोत चढवणारा, म्हणाला की हे घड्याळ मरेपर्यंत थांबणार नाही, फक्त वजनाने मनगट दुखतं. आणि सिव्हिल लाईन्सचा एक ऑफिसर म्हणाला की दर सोमवारी सकाळी हे मेलेलं असतं. दोघांनीही खोट सांगितली होती, म्हणजे दोघंही धरण्यासारखे. एकाच घड्याळाबद्दल दोन पास झालेली मतं आणि ती एकमेकांच्या उलट. भाऊजींचं जेवण कमी झालं. ते ऑफिसरकडे परत गेले, पनागरला परत गेले. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की ऑफिसर सुट्टीच्या दिवशी घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवून पलंगावर पडून असतो. "घड्याळ तेच आहे, सुनंदा," मला म्हणाले. "हात वेगळे आहेत." त्यांना हा फार मोठा शोध वाटला. मला वाटलं की साक्षगंधाला चार दिवस उरलेत, हॉलचा माणूस फोन उचलत नाही आणि आपल्या घरात अजून घड्याळ नाही. बडा फुहाऱ्याच्या ज्या दुकानदाराने दोन्ही घड्याळं यांच्यासाठी बाजूला काढून ठेवली होती, तो मला बघून हात जोडायचा. "भाभीजी, अंकलजी को बोलो, दोनों ले जाएँ, पर ले जाएँ."

तो रविवार होता. केतकी घरीच होती, पिना आणि फॉल यांच्या ढिगाऱ्यात बसलेली. भाऊजी नाश्ता न करताच निघाले. मी पायऱ्यांवरून विचारलं, कुठे? म्हणाले, "विजय नगरले एक स्टीलवाला राहिला आहे. त्याले पाहून येतो. तेवढा एक झाला की आजच घेऊन टाकतो."

मी आत येऊन कणीक भिजवायला घेतली. पाणी घालता घालता विजय नगर हा शब्द मनात परत आला. मग बैठकीचा दिवस आठवला. त्या दिवशी भाऊजी इतके शहाण्यासारखे वागले होते की मला त्यांचा अभिमान वाटला होता. एक प्रश्न नाही, एक शब्द नाही. सारा वेळ मान खाली घालून बसले होते. आता मला कळलं की मान खाली नव्हती. निखिल समोर बसला होता, त्याचा डावा हात गुडघ्यावर होता, आणि त्या हातावर जाडजूड, स्टीलचं काहीतरी होतं.

मी हात धुतले. दारात केतकी उभी होती. माझ्या चेहऱ्यावरून तिने काय ते ओळखलं आणि फोन लावला. निखिल उचलेना. परत लावला. उचलेना. तिने फोन पर्समध्ये ठेवला, चेन लावली आणि म्हणाली, "चल. मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आहे. मग ठरवते."

मी स्कूटी काढली. रांझीपासून विजय नगरपर्यंत मागे बसलेल्या मुलीने माझ्या खांद्याला धरलं नाही, मागचा दांडा धरून बसली. मी आपली मनात हिशेब करत होते की साक्षगंध रद्द झालं तर कोणाकोणाला फोन करावे लागतील, आणि सगळ्यात आधी नागपूरच्या माझ्या नणंदेला करावा लागेल, आणि ती काय म्हणेल. विचार भलते होते, पण भलते विचार करत गाडी चालवता येते. खरे विचार करत येत नाही.

निखिलच्या फाटकाशी भाऊजींची स्कूटर उभी होती, नेहमीसारखी भिंतीला टेकवलेली.

दार उघडंच होतं. बैठकीत भाऊजी खुर्चीच्या कडेला बसले होते, डोळ्याला भिंग, हातात निखिलचं घड्याळ. निखिल समोरच्या दिवाणावर, बनियनवर घाईने चढवलेला शर्ट, एक बटण चुकलेलं. त्याची आई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात जागच्या जागी उभी. त्यांनी मला पाहिलं आणि फार हळू म्हणाल्या, "या ना. हे घड्याळ पाहून राहिले."

"मोठे बाबा, उठा," केतकी उंबऱ्यावरून म्हणाली.

भाऊजींनी भिंग काढलं. ते घाबरलेले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "मी याच्याबद्दल कोणाले काही विचारलं नाही. शब्द दिला होता. घड्याळाबद्दल विचारायले आलो. त्याचा मालक इथे राहते, त्याले मी काय करू?"

मी म्हटलं, "त्याच्याकडे हे घड्याळ आहे हे ठाऊक असून तुम्ही तेच घ्यायचा विचार करत होते, भाऊजी?"

"आहे म्हणून काय झालं? त्याले पटलं आहे की नाही, ते कोणी विचारलं? साऱ्या जबलपूरले विचारलं. ज्याले द्यायचं, त्यालेच विचारायचं राहून गेलं होतं." मग केतकीकडे न पाहता, "एकच प्रश्न राहिला आहे. तेवढा विचारतो आणि उठतो."

हे त्यांचं खरं होतं की बहाणा होता, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. बहुधा त्यांनाही सांगता येणार नाही.

केतकीने उंबरा ओलांडला नाही. एक पाऊल आत आली असती तर राहिली असती, एक मागे गेली असती तर गेली असती. निखिलने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि भाऊजींना म्हणाला, "पूछिए ना."

"खोट काय याच्यात?"

होणाऱ्या सासरच्या माणसापुढे कोणीही शहाणा मुलगा म्हणेल की काही नाही, छान आहे. तो मुलगा तसा शहाणाच दिसत होता.

निखिलने घड्याळ परत घेतलं, उलटं केलं, अंगठ्याने मागची बाजू पुसली. "बहुत है," म्हणाला. "मागे पडते. रोज. पहाटे याच्या काट्यांचा उजेड संपतो, मग ड्युटीवर टॉर्च मारून पाहावं लागते. वजनी आहे. और छुट्टी के दिन सो गया, तो ये भी सो जाती है."

"मग फेकून काहून नाही देत?"

"कितनी पीछे जाती है, वो मुझे पता है ना," निखिल म्हणाला. "सकाळी लावून घेतो. बस."

भाऊजी खुर्चीत मागे टेकले. या घरात आल्यापासून ते बहुधा पहिल्यांदा टेकले होते. त्यांचा चेहरा मी कूलरच्या वेळी, डॉक्टरांच्या वेळी पाहिला आहे, म्हणून मला कळलं की हा पास झाला. पण पास हा शब्द ते उच्चारायच्या आत निखिल पुढे सरकला. अगदी त्यांच्यासारखाच, कोपर गुडघ्यावर टेकवून.

"मोठे बाबा, एक मैं भी पूछूँ? तुम्ही तर लहानपणापासून पाहून राहिले. केतकी में क्या खोट है?"

केतकी दारात तशीच.

आता हा प्रश्न मला विचारला असता तर दिवस पुरला नसता. आणि भाऊजींना तर खोट काढल्याशिवाय घास उतरत नाही. त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं, मग पायातल्या मोज्यांकडे. फॅक्टरीत ज्यांच्यापुढे ठेकेदार चळाचळा कापत, ते गृहस्थ एका पोराच्या एका प्रश्नापुढे काहीतरी शोधत बसले होते आणि त्यांना ते सापडत नव्हतं.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "तिच्यात काही खोट नाही."

"कुछ तो होगी."

"नाही म्हणतो ना."

मग दारातून केतकीचा आवाज आला. सकाळपासूनचा तो थंड आवाज नव्हता, पण अजून पुरता ऊबदारही नव्हता.

"रिजेक्ट."

भाऊजींनी मान वर केली. मला वाटलं, दुखावले. ते मान हलवत होते, सावकाश, टेबलावर आलेला हिशेब पटल्यासारखी. "बरोबर आहे," निखिलला म्हणाले. "बरोबर बोलून राहिली ती. माझं मत धरू नको. हिच्या आईले विचार. ती सांगेल."

मी उभी होते ती बसले. कोणीतरी कामाला लागायलाच हवं होतं. मी सांगितलं की ही सकाळी उठत नाही, उठली की बोलत नाही, ओला टॉवेल पलंगावर टाकते, राग आला की फोन बंद करून ठेवते आणि वरणात मीठ घालायला विसरली की म्हणते कमी मीठच तब्येतीला चांगलं. केतकी दुसऱ्या खोटीला आत आली, चौथीला दिवाणाच्या टोकाला बसली आणि पाचवीला म्हणाली, "आई, पुरे." निखिलच्या आईंनी ट्रे खाली ठेवला. चहावर साय धरली होती. सगळ्यांनी तो तसाच प्यायला.

साक्षगंध ठरल्या दिवशी झालं. भाऊजींनी निखिलला हिरवं घड्याळ दिलं, रोज चावी द्यायचं. त्याने ते हातात घातलं, स्टीलचं काढून भाऊजींच्या मनगटावर बांधलं आणि म्हणाला, "अब आप यूज़ करके बताइए." भाऊजी बावरले. साऱ्या शहराला विचारून झालं होतं, पण आपल्याला कोणी विचारेल हे त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

लग्न झालं, निखिलची बदली इटारसीला झाली, केतकी गेली. वरची खोली आणि खालचं घर यांत आम्ही दोघंच उरलो. मी माझ्या कामात असते. भाऊजी सकाळी पेपर घेऊन व्हरांड्यात बसत आणि दुपारी तोच पेपर घेऊन तिथेच बसलेले दिसत. काही घ्यायचं नव्हतं, म्हणून कोणाला विचारायचं नव्हतं. मी किती वाजले म्हणून विचारलं की मनगट हलवत, काचेवर टिचकी मारत आणि म्हणत, "थांबलं वाटते." केतकी येणार असली की मात्र आदल्या दिवसापासून व्हरांड्यातून फाटकाशी आणि फाटकातून व्हरांड्यात त्यांच्या इतक्या फेऱ्या होत की घड्याळ तिच्या गाडीची वेळ बरोबर सांगे. ती गेली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत बंद.

मागच्या महिन्यात मला ब्लाऊजचं कापड घ्यायचं होतं, म्हणून त्यांना बळेच बडा फुहाऱ्याला नेलं. गर्दीत एका तरुण माणसाने त्यांच्या मनगटाकडे बोट दाखवून थांबवलं. त्याला तसंच घड्याळ घ्यायचं होतं. "काका, कैसी है ये? कोई कंप्लेंट?"

मी कापडाची पिशवी खाली ठेवली, कारण आता वेळ जाणार होता. भाऊजींनी मनगट वर केलं. घड्याळ बंदच होतं. त्यांनी ते हलवलं, कानाला लावलं, सुरू झालं असावं. थोडा वेळ ते नुसते ऐकत राहिले.

"अच्छी है," ते म्हणाले. "बस, घर में बैठे रहो तो रुक जाती है."

एवढंच. एकच खोट. तो आभार मानून गेला. मी पिशवी उचलली आणि आम्ही घरी आलो. असल्या गोष्टींवर बोलून काही होत नाही.

दुसऱ्या दिवसापासून भाजी आणायचं काम मी त्यांच्याकडे दिलं. माझे गुडघे दुखतात असं सांगितलं, ते थोडंफार खरंही आहे. भाजी रोज उशिरा येते, कारण काल कोबी कोणी नेला होता आणि तो कसा निघाला, हे त्या गिऱ्हाइकाला गाठून विचारल्याशिवाय हे आजचा कोबी घेत नाहीत. आमची जेवणं दुपार टळल्यावर होतात. रविवारी केतकीचा फोन येतो, तेव्हा ती माझी चौकशी नंतर करते.

"घड्याळ चालू आहे ना?" हे आधी विचारते.

"चालू आहे," मी सांगते. "आत्ताच बाहेर गेले आहेत."